भोपाळच्या मातीचा हिशोब

३ डिसेंबर २०२५ रोजी भोपाळच्या वायुकांडाला ४१ वर्षे पूर्ण झाली. दर वर्षी या दिवशी मोर्चा निघतो, मेणबत्त्या लागतात आणि एक मागणी हमखास होते: युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला विषारी कचरा हलवा. २०२५ साली मात्र ती मागणी करायचे कारण उरले नाही. त्याच वर्षी १ जानेवारीच्या रात्री बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात भोपाळहून निघाले. सुमारे २५० किलोमीटरवर, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला ते पोचले आणि जूनअखेर ३३७ टन कचरा तिथल्या भट्टीत जाळून झाला. चार दशके रखडलेले काम उच्च न्यायालयाच्या बडग्यामुळे सहा महिन्यांत मार्गी लागले. कारखान्याची शेड रिकामी असलेला तो पहिला स्मृतिदिन होता.

याचे समाधान वाटायला हवे, आणि ते वाटतेही. पण शेड रिकामी झाली म्हणजे जागा साफ झाली, असा समज पसरू लागला आहे. तो घातक आहे, म्हणून थोडा हिशोब मांडणे भाग आहे.

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (‘नीरी’) आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था यांनी २०१०च्या सुमारास या आवाराचा अभ्यास केला होता. दूषित मातीचा त्यांचा अंदाज सुमारे ११ लाख टनांचा होता. त्या तुलनेत ३३७ टन म्हणजे दर दहा हजार किलोंमागे तीन किलो. शिवाय हे ३३७ टन आधीच गोळा करून, पिशव्यांत भरून, छपराखाली ठेवलेले होते. ज्याचे फोटो निघत होते ते उचलले गेले. जे जमिनीत आहे ते तिथेच आहे, आणि पावसाचे पाणी त्याच्यातून झिरपतेच आहे.

भोपाळमध्ये खरे तर दोन दुर्घटना घडल्या, हे अजूनही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पहिली १९८४च्या त्या रात्रीची. टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे गेली. तो वायू काही दिवसांत विरून गेला. दुसरी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. कारखाना कीटकनाशके बनवत होता. त्यातला गाळ, वाया गेलेला माल आणि सांडपाणी आवारातच खड्ड्यांत टाकले जात होते. सांडपाण्यासाठी आवाराबाहेर मोठाली तळी खणली, तळाशी काळे प्लास्टिक अंथरले. उन्हात पाणी उडून जाईल आणि खाली उरलेला गाळ त्या प्लास्टिकवर बंदिस्त राहील, अशी योजना होती. प्लास्टिक फाटले. तळी गळत असल्याचा उल्लेख कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात १९८२ सालीच आहे, म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षे आधी. पुढे कारखाना बंद पडला, तळ्यांवर कोणाचे लक्ष राहिले नाही, त्यांच्या काठाने वस्ती वाढली. पारा, क्लोरोबेंझिन, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म अशी नावे भूजलाच्या आणि मातीच्या तपासण्यांत येत राहिली. अटल अय्यूब नगर, अन्नू नगर, ब्ल्यू मून कॉलनी इथल्या हातपंपांवर पालिकेने लाल रंगात ‘पाणी पिण्यायोग्य नाही’ असे लिहिले. दुसरे पाणी मात्र दिले नाही, म्हणून बायका त्याच पंपावर हंडे भरत राहिल्या. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला, आणि नळ घरोघर पोचायला त्यानंतरही दहा वर्षे लागली. यातल्या कित्येकांना वायूने स्पर्शही केलेला नव्हता. ती कुटुंबे नंतर तिथे राहायला आली, आणि नुकसानभरपाईच्या यादीत त्यांचे नाव कुठेच नाही.

आता खर्च कोणी करायचा? जमीन राज्य सरकारची, कारखान्याला भाडेपट्ट्याने दिलेली. वायुकांडानंतर युनियन कार्बाइडने आपल्या भारतीय कंपनीतला हिस्सा १९९४ साली विकला. त्या कंपनीचे नाव बदलून एव्हरेडी झाले आणि १९९८ साली तिने ही जागा मध्य प्रदेश सरकारला परत केली. सरकारने ती ताब्यात घेतली. मूळ अमेरिकी कंपनी २००१ साली डाऊ केमिकलने घेतली, आणि भोपाळच्या जुन्या देण्यांशी आमचा संबंध नाही ही डाऊची भूमिका आजही कायम आहे. १९८९ सालची ४७ कोटी डॉलरची तडजोड मृतांसाठी आणि जखमींसाठी होती, मातीसाठी तिच्यात काही नव्हते. केंद्र सरकारने २०१० साली आणखी ७,८४४ कोटी रुपये मागणारी याचिका केली. त्या मागणीत पर्यावरणाच्या हानीचाही समावेश होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी ती फेटाळली. तेव्हा या घडीला भोपाळच्या मातीचे बिल भारताच्या करदात्याच्या नावावर आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी अनेक निकालांत उचलून धरले, पण त्याची सगळ्यात मोठी परीक्षा जिथे होती तिथेच ते पोचले नाही.

पिथमपूरच्या कामासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. म्हणजे किलोमागे साधारण ३,७०० रुपये. जाळताना चुना मिसळावा लागतो, म्हणून उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक, आठशे टनांवर भरली, आणि ती कुठे पुरायची यावरून पुन्हा न्यायालयात वाद सुरू झाला. पिथमपूरच्या लोकांनी २०२५च्या जानेवारीत या कचऱ्याला कडाडून विरोध केला होता. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांना अडाणी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण हा कचरा त्याआधी कोणकोणत्या दारावरून परत आला ते आठवावे. गुजरातने अंकलेश्वरसाठी नकार दिला. २०११ साली तो नागपूरजवळच्या बोरखेडीतल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा आदेश झाला, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. तळोजाचेही नाव पुढे आले होते. एका जर्मन संस्थेने तो विमानाने हॅम्बर्गला नेण्याची तयारी दाखवली, २०१२ साली तिनेही माघार घेतली. आम्हाला नको असे म्हणण्याचा हक्क नागपूरकरांना होता तर तो पिथमपूरकरांनाही होता. फरक इतकाच की त्यांचे ऐकले गेले नाही.

याच दरात ११ लाख टन माती जाळायची म्हटली तर चार लाख कोटी रुपये लागतील. असे कोणी करणार नाही आणि करण्याची गरजही नाही. मातीसाठी दुसरे उपाय असतात: सर्वाधिक विषारी भाग उकरून काढणे, बाकीच्यावर अभेद्य थर देऊन पाऊस आत जाऊ न देणे, भूजल उपसून शुद्ध करणे, पाझर अडवणाऱ्या भिंती घालणे. यातला प्रत्येक उपाय वर्षानुवर्षे चालवावा लागतो, आणि त्याला दरवर्षी हमखास येणारा पैसा लागतो. एकदाच मिळणारे अनुदान इथे पुरत नाही.

अमेरिकेने हा धडा आपल्या आधी गिरवला. नायगारा फॉल्स शहरातल्या ‘लव्ह कॅनॉल’ नावाच्या एका अर्धवट कालव्यात हुकर केमिकल कंपनीने सुमारे २१ हजार टन रसायने पुरली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. वर शाळा झाली, घरे झाली. सत्तरच्या दशकात तळघरांत काळा द्रव झिरपू लागला. लोइस गिब्ज नावाच्या तरुण गृहिणीने दारोदार फिरून कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा गर्भपात झाला याची नोंद केली. १९७८च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि ११ डिसेंबर १९८० रोजी ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. लव्ह कॅनॉलची ती जागा धोकादायक जागांच्या यादीतून उतरायला २००४ साल उजाडले. त्याला सुमारे ४० कोटी डॉलर लागले.

सुपरफंडमधली खरी कल्पना कराची होती. दोषी कंपनी सापडली तर तिच्याकडून वसुली, आणि ती बुडाली किंवा सापडलीच नाही तर तेल आणि रसायन उद्योगावरच्या वेगळ्या करातून उभारलेल्या निधीतून सफाई. ज्या धंद्यातून घाण झाली त्या धंद्याने मिळून ती काढायची. हा कर १९९५च्या अखेरीस संपला आणि संसदेने तो पुढे चालू केला नाही. सात-आठ वर्षांत निधी आटला, खर्च सामान्य करदात्यावर आला आणि सफाईचा वेग मंदावला. २०२१च्या कायद्याने रसायनांवरचा कर परत आणला तोवर पंचवीस वर्षे गेली होती. भोपाळचाही सुपरफंडशी संबंध आहे. आपल्या गावातल्या कारखान्यात कोणते घातक रसायन आहे हे जाणण्याचा हक्क अमेरिकी नागरिकांना १९८६ साली मिळाला, तो सुपरफंडच्या दुरुस्तीतून आणि भोपाळमुळे.

आपल्याकडेही पैशाची सोय करण्याचे प्रयत्न झाले. भोपाळनंतर, १९९१च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक उद्योगांच्या विमाहप्त्याबरोबर एक मदतनिधी जमा होऊ लागला. त्यात शेकडो कोटी साचले आणि वर्षानुवर्षे जवळजवळ न वापरता पडून राहिले. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर आला, तो २०१६पर्यंत ४०० रुपयांवर गेला. त्यातून दूषित जागांच्या सफाईचे आराखडे करायला पैसे मिळू लागले होते. २०१७ साली जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईत वळवला गेला. २०२५च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियमावली काढली आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषी सापडला तर त्याच्याकडून वसुली, नाही तर केंद्र आणि राज्याने खर्च उचलायचा. देशात तोवर १०३ दूषित जागा ओळखल्या गेल्या, आणि सफाईचे काम सुरू झाले जेमतेम सात ठिकाणी. नियमावलीत तपासणीला मुदत आहे. सफाई पूर्ण करायला मुदत नाही. आणि केंद्र-राज्याने ‘खर्च उचलायचा’ म्हणजे दर वर्षी अर्थसंकल्पात रस्ते, पूल आणि अनुदाने यांच्या रांगेत उभे राहायचे. पुरलेल्या मातीला त्या रांगेत पुढे कोण येऊ देणार? रसायन उद्योगावर वेगळा, छोटा, पण बंद न होणारा उपकर लावल्याशिवाय हे काम होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसा उभा राहिला तरी दुसरा प्रश्न उरतो, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे: सफाईचा फायदा झाला हे ओळखायचे कशावरून?

अमेरिकेत ‘ब्राउनफील्ड’ म्हणजे पडीक, दूषित औद्योगिक जागांसाठी २००२च्या जानेवारीत वेगळा कायदा झाला. बंद पेट्रोल पंप, जुन्या टॅनरी, रेल्वे यार्ड अशा जागांच्या तपासणीला आणि सफाईला छोटी अनुदाने मिळतात. पुढची गुंतवणूक खासगी विकासक आणि पालिका करतात. जागा उठली की मालमत्ता कर वाढतो आणि त्या वाढीव करातून कर्ज फेडता येते. एका सरकारी डॉलरमागे इतरांचे वीस डॉलर येतात, सफाईनंतर आसपासच्या घरांच्या किमती ५ ते १५ टक्के वाढतात, असे तिथली पर्यावरण संस्था सांगते. हे आकडे खोटे नाहीत. पण त्यातले काही विकासक सफाई झाली नसती तर शेजारच्या तालुक्यात गेले असते, त्यांची गुंतवणूक नवी म्हणता येत नाही. आणि घराची किंमत वाढली तर ती मालकाच्या खिशात जाते, भाडेकरूला वाढीव भाडे भरावे लागते. एवढे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत.

या बाबतीत दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञाने जस्टिन गॅलाहर यांच्याबरोबर २००८ साली सुपरफंडच्या जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धोक्याच्या गुणांकनात थोडक्यात यादीत आलेल्या आणि थोडक्यात राहून गेलेल्या जागांच्या परिसरातल्या घरांच्या किमती त्यांनी ताडून पाहिल्या. कोट्यवधी डॉलर ओतूनही किमतींत फारसा फरक दिसला नाही. सुपरफंड वाया गेला, असे त्यावरून अनेकांनी म्हटले. (जागेच्या अगदी लगतची स्वस्त घरे वेगळी काढली तर किंमतवाढ दिसते, असे नंतर इतरांनी दाखवले.) तीनच वर्षांनी त्याच ग्रीनस्टोन यांनी जॅनेट करी आणि एनरिको मोरेटी यांच्याबरोबर दुसरी मोजपट्टी लावली. या जागांपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळे सफाईच्या आधी कशी जन्मली आणि नंतर कशी, हे त्यांनी जन्मनोंदींवरून पाहिले. सफाईनंतर जन्मजात व्यंगांचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांनी घटले होते.

तोच कार्यक्रम, तसल्याच जागा. घराची किंमत विचारली तर फायदा शून्याजवळ, बाळाचे आरोग्य विचारले तर एवढा मोठा. बाजारभावावरून सफाईची योग्यता ठरवायची पद्धत रूढ झाली, तर पैसा आधी तिथे जाईल जिथे जमीन महाग आहे. जिथे माणसे गरीब, घरे झोपडीवजा आणि जमीन नावावर नाही, ती जागा फायद्याच्या कोष्टकात कायम तळाशी राहील. भोपाळच्या कारखान्याभोवतालच्या वस्त्या नेमक्या अशाच आहेत. तिथे भाव वाढला तर लाभ त्या कुटुंबांना मिळणार नाही. उलट, त्यांनाच तिथून हलवायची भाषा सुरू होईल, ही भीती तिथे काम करणाऱ्यांना वाटते आणि ती अनाठायी नाही.

भोपाळमध्ये हे मोजायला आधाराची नोंद तरी आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वायुपीडितांवरचे आपले अभ्यास १९९४ साली थांबवले. नवी संशोधन संस्था भोपाळमध्ये उभी राहिली ती २०१० साली. मधली सोळा वर्षे संभावना क्लिनिकसारख्या लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी रुग्ण तपासले, नोंदी ठेवल्या. जिथे सफाईच्या आधीची स्थितीच कोणी नीट लिहून ठेवलेली नाही, तिथे नंतर सुधारणा झाली हे सिद्ध करणे कठीण. म्हणून कामाला हात लावण्याआधी मोजणी सुरू व्हायला हवी, आणि ती फार महागही नाही. ठरावीक शंभर-दीडशे विहिरी आणि हातपंप निवडावेत. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच ठिकाणचे पाणी त्याच रसायनांसाठी तपासावे, आणि निकाल मोहल्ल्यातल्या रेशन दुकानाबाहेर हिंदीत लावावेत. परिसरातल्या प्रसूतिगृहांतल्या जन्मांच्या नोंदी, बाळाचे वजन, व्यंग, आईचा पत्ता, वायू आणि पाणी या दोन्हींशी आलेल्या संबंधासह एकत्र ठेवाव्यात. मातीचा नवा नकाशा खोलीसकट प्रसिद्ध करावा. १२६ कोटींत भट्टी चालवणाऱ्या सरकारला हे जड जाऊ नये.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागेल: किती साफ झाली म्हणजे साफ? तमिळनाडूतल्या कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ साली पाऱ्याच्या प्रदूषणामुळे बंद झाला. मातीच्या किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल की याहून कडक निकष हवा, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झाला. हा आकडा वरखाली झाला की खर्च काही पटींनी बदलतो, आणि त्याबरोबर धोकाही. तिथे कंपनी जागेवर होती, खर्च तिलाच करायचा होता, तरीही हे घडले. भोपाळमध्ये खर्च करणारे, निकष ठरवणारे आणि काम पूर्ण झाल्याचा शेरा मारणारे तिन्ही सरकारच असेल. तेव्हा निकष बाहेरच्या तज्ज्ञांनी, पीडितांच्या प्रतिनिधींसमोर ठरवावा. आवारात स्मारक उभारण्याची योजना मध्य प्रदेश सरकारच्या मनात अनेक वर्षे आहे. स्मारक जरूर व्हावे. पण मातीचा नकाशा आणि निकष जाहीर होण्याआधी तिथे फरसबंदी झाली, तर दूषित जमीन झाकली जाईल आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला फरशी उखडावी लागेल.

महाराष्ट्राने याकडे लांबचा प्रश्न म्हणून पाहू नये. मुंबईच्या गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकरांवर दोन दशके भांडण झाले. एकतृतीयांश कोणाला, कामगारांना घरे किती, मोकळी जागा किती, हे सगळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रंगखात्यांनी आणि बॉयलरखान्यांनी त्या जमिनीत काय सोडले, हे त्या भांडणात क्वचितच कोणी विचारले, कारण जमिनीला सोन्याचा भाव होता. उलट डोंबिवली, तारापूर, लोटे, तळोजा, महाड इथे बंद पडलेल्या रसायन कारखान्यांच्या भूखंडांना तो भाव नाही, आणि तिथे हा प्रश्न विचारणारेही थोडेच. नवीन नियमावलीप्रमाणे आता जिल्हाधिकाऱ्यांना याद्या द्याव्याच लागतील. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. ‘नीरी’ तिथल्याच वर्धा रोडवर आहे. विदर्भाच्या आणि कोकणाच्या आमदारांनी पर्यावरणमंत्र्यांना सभागृहात तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या जिल्ह्याने यादी पाठवली, बंद कारखान्याचा भूखंड दुसऱ्याच्या नावे करण्याआधी मातीची तपासणी सक्तीची करणार का, आणि या कामासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष कधी उघडणार.